वाट कोणी सोडायची?

अरुंद वाटेवर दोघे समोरासमोर आले तर बाजूला कोणी व्हायचं, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना क्षुल्लक वाटला नव्हता. गौतम, आपस्तंब, बौधायन या तिघांच्याही धर्मसूत्रांत त्यावर नियम आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात तर कोणाला वाट द्यावी याची चक्क यादी दिलेली आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला म्हातारा, आजारी, डोक्यावर ओझं असलेला, स्त्री, गुरुगृही विद्या पुरी करून आलेला स्नातक, राजा आणि लग्नाला निघालेला नवरदेव, ही मनूची यादी. वाचताना हसू येतं, कारण वरातीपुढे रस्ता सोडण्याचा नियम आपण आजही, हौसेने नाही तरी नाइलाजाने, पाळतो. पण यादी नीट पाहिली की तिच्यात दोन निरनिराळे विचार एकत्र शिवलेले दिसतात. म्हातारा, आजारी, ओझेवाला आणि स्त्री यांना वाट मिळते ती त्यांना बाजूला होणं जड जातं म्हणून. राजाला आणि स्नातकाला मिळते ती त्यांच्या मानामुळे. एक सोयीचा विचार आहे, दुसरा दर्जाचा. माझं म्हणणं असं की रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा आज आपल्याकडे जो छळ होतो, त्याचं मूळ या दोन विचारांची गल्लत करण्यात आहे. पहिला विचार आपण विसरलो आणि दुसरा जपला. फक्त राजाच्या जागी गाडी बसवली.

यादीत पहिलंच नाव गाडीवाल्याचं आहे, हे कोणी माझ्या तोंडावर फेकेल. गाडीला आधी वाट द्या असं मनूच सांगतो, मग पायी चालणाऱ्याची कसली तक्रार? पण त्या काळची गाडी डोळ्यांसमोर आणा. बैल जुंपलेले, लाकडी चाकं खोल चाकोरीत रुतलेली, दोन्ही बाजूंना चिखल किंवा काटेरी कुंपण. तिला बाजूला घ्यायचं म्हणजे बैल सोडून चार माणसांनी चाकाला खांदा द्यायचा. पायी माणूस एक पाऊल बाजूला टाकतो आणि काम भागतं. ओझेवाला, आजारी आणि गाडी एकाच ओळीत आले ते यामुळे. ज्याला हटणं अवघड त्याला वाट, ज्याला सोपं त्याने हटावं. हे तत्त्व मान्य केलं की यादीतली नावं काळाप्रमाणे बदलावीच लागतात, कारण अवघड काय आणि सोपं काय हेच बदलत असतं. दर्जाच्या तत्त्वाचं काय होतं हे महाभारताने आदिपर्वात दाखवून ठेवलं आहे. शिकारीहून परतणारा, भुकेने-तहानेने कासावीस झालेला कल्माषपाद राजा आणि वसिष्ठांचा थोरला मुलगा शक्ती एका माणसापुरत्या वाटेवर समोरासमोर येतात. राजा म्हणतो बाजूला हो, ऋषिपुत्र म्हणतो धर्माने वाट माझी. दोघांकडेही आपापल्या दर्जाचा पुरावा आहे, त्यामुळे वाद मिटायला जागाच नाही. राजा चाबूक ओढतो, शक्ती शाप देतो, राजा नरभक्षक होतो आणि सर्वांत आधी शक्तीलाच खातो, मग वसिष्ठांच्या बाकीच्या मुलांना. एका पावलाच्या वाटेपायी एवढा संहार. याच ग्रंथाच्या वनपर्वात, याच्या अगदी उलट, अष्टावक्र नावाचा वाकड्या अंगाचा मुलगा वाटेतून हटवला जात असताना जनक राजाला आंधळ्याला, बहिऱ्याला, स्त्रीला, ओझेवाल्याला वाट आधी असते हे ऐकवतो. तिथे ब्राह्मणाचा मानही तो सोडत नाही, हे खरं. पण जनक रागावत नाही, वाट सोडतो.

आता ग्वाल्हेरच्या माधवगंजात येऊ. माधवगंज ज्या लष्कर भागात आहे ते शहरच मुळी १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं. चिटणीसांची गोठ, फाळके बाजार ही नावं अजून त्या मराठी वस्तीची साक्ष देतात. हे रस्ते पायांसाठी, घोड्यांसाठी, पालख्यांसाठी पडले. हत्ती आला तर सगळे बाजूला होत, पण हत्ती रोज येत नसे. त्याच रस्त्यांवर आज दुचाकी, ई-रिक्षा, मोटारी आणि मालाचे टेम्पो आहेत. तिथल्या चौकात, किंवा महाराज बाडा या मुख्य चौकाकडे जाणाऱ्या कुठल्याही गर्दीच्या रस्त्यावर, पायी माणूस कसा पलीकडे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेली बाई दुभाजकाशी उभी असते. ती दोन्ही पिशव्या एका हातात घेते, कारण दुसरा तळवा गाड्यांना दाखवायला मोकळा हवा. दोन पावलं पुढे, एक मागे. पहिली मोटारसायकल तिच्या पाठीमागून जाते, दुसरी समोरून, ई-रिक्षावाला हळू होतो पण थांबत नाही, आणि शेवटचे तीन हात ती पळत पार करते. पांढरे पट्टे असोत नसोत, पद्धत हीच. या सबंध प्रकारात हटणं कोणाला सोपं होतं? तिच्या हातात ओझं आहे, गुडघ्यांना वय झालेलं असेल, नजर दोन्ही बाजूंना विभागलेली आहे. समोरच्याच्या पायाखाली ब्रेक आहे, टाच न उचलता दाबता येणारा. बैलगाडीच्या काळात जी अडचण गाडीची होती ती आता पूर्णपणे पायी माणसाकडे आलेली आहे. मनूचं तत्त्व प्रामाणिकपणे लावलं तर आजच्या यादीत पादचाऱ्याचं नाव पहिलं येतं आणि गाडीवाल्याचं येतच नाही.

यावर एक खरोखरचा आक्षेप आहे. गाडी जड असते, वेगात असते, ती जागच्या जागी थांबत नाही. मग तिला थांबणं सोपं कसं म्हणता? हिशोब करून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात १४ मीटर संपले; कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागून गाडी उभी राहीपर्यंत आणखी साधारण तेवढेच. एकूण २७-२८ मीटर. तीच मोटार ताशी ३० ने येत असेल तर सगळं १३-१४ मीटरमध्ये आटोपतं. याचा अर्थ थांबता न येणं हा गाडीचा जन्मजात गुण नाही, तो चालवणाऱ्याने काही क्षण आधी केलेल्या निवडीचा परिणाम आहे. चाकोरीत रुतलेल्या गाडीवानाने चिखल निर्माण केला नव्हता. ताशी ५० ने चौकात शिरणाऱ्याने आपली असहायता स्वतः निर्माण केलेली असते, आणि स्वतः निर्माण केलेली असहायता दाखवून सवलत मागता येत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला भरलेल्या जागतिक परिषदेने, माणसं आणि गाड्या जिथे एकमेकांत मिसळतात तिथे वेगाची मर्यादा ताशी ३० असावी असं जाहीर केलं, ते या गणिताशी जुळणारंच आहे.

रस्त्यावर आडवे रंगवलेले पांढरे पट्टे या दृष्टीने मला धर्मशास्त्राच्या जुन्या प्रश्नाचं एक नवं आणि जास्त शुद्ध उत्तर वाटतात. ३१ ऑक्टोबर १९५१ ला इंग्लंडमधल्या स्लाव या गावात पहिलं अधिकृत झेब्रा क्रॉसिंग झालं. त्याचं वैशिष्ट्य रंगात नाही. त्या पट्ट्यांवर पाय ठेवणारा कोण आहे हे कोणी विचारत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. राजा आहे का, शिकलेला आहे का, बाई आहे का, कोणत्या जातीचा आहे, कुठे आणि कशाला निघाला आहे, यांपैकी एकही प्रश्न नाही. पायी आहे एवढं पुरे. रस्त्यावर कोणी चालावं हाच प्रश्न याच देशात जातीवरून ठरत होता हे ध्यानात घेतलं म्हणजे या न विचारण्याची किंमत कळते. ३० मार्च १९२४ ला केरळातल्या वैकोमला सत्याग्रह सुरू झाला तो देवळात जाण्यासाठीही नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून नुसतं चालता यावं यासाठी होता. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात तेव्हा समोरचा कोण हे पाहायचं नसतं, ही आपल्याकडची त्याच प्रकारची कल्पना. फरक इतकाच की तिथे ती भक्ती आहे आणि इथे कायदा. केंद्राने २०१७ मध्ये वाहन चालवण्याचे जे विनियम काढले त्यांत सिग्नल नसलेल्या पादचारी मार्गाशी येताच चालकाने वेग कमी करावा, थांबावं आणि पायी माणसाला वाट द्यावी असं लिहिलेलं आहे. ‘शक्य असल्यास’ असं त्यात नाही. एखादा मोटारवाला थांबतो आणि हाताने ‘जा’ म्हणतो, पलीकडे जाणारा कृतज्ञतेने मान हलवतो, तेव्हा दोघांचीही समजूत अशी असते की काही दान दिलं गेलं. दिलं गेलं ते देणं होतं.

इथे धार्मिक वृत्तीचा माणूस विचारेल की कायद्याची एवढी कड कशाला, दया असली की सगळं आलंच. तापलेल्या वाळवंटात रडणारं, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीचं मूल एकनाथांनी उचलून कडेवर घेतलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांना कोणत्या कलमाने थांबवलं होतं? प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर मला रस्त्यावरच्या एका क्रूर वस्तुस्थितीत सापडतं. दोन पदरी रस्त्यावर डाव्या बाजूचा मोटारवाला दयेने थांबतो. शाळेची पोरगी त्याच्यावर विश्वास ठेवून निघते. त्याच्या उजव्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला थांबलेल्या मोटारीमुळे पोरगी दिसत नाही. त्याला दिसते ती वाट अडवून उभी असलेली एक गाडी, आणि तो तिला मागे टाकून पुढे जातो. जगभर पादचारी मार्गांवर हा अपघात ओळखीचा आहे. एकट्याची दया इथे पोरीला ओढून चाकासमोर आणते. एकनाथांना मूल दिसलं होतं, ते एकटे होते आणि पायी होते. नंतर मागून कोणी येऊन त्या मुलाला तुडवणार नव्हतं. रस्त्यावर मात्र जे माझ्याकडून घडायचं ते शेजारच्याकडून घडेलच अशी खात्री असेल तरच माझं थांबणं सुरक्षित ठरतं. ही खात्री करुणेतून येत नाही, सगळ्यांनी सारखाच पाळलेल्या नियमातून येते. म्हणून ब्रिटनमध्ये पट्ट्यांच्या आधी काही अंतर नागमोडी रेषा असतात आणि तेवढ्या टप्प्यात पट्ट्यांपाशी सर्वांत पुढे असलेल्या गाडीला मागे टाकायला बंदी असते. धर्माची गरज नेमकी तिथे असते जिथे एकट्याचा चांगुलपणा पुरत नाही, असं मला वाटतं. संतांच्या कथा आपण वाचतो त्या मन मऊ करायला. चौक चालवायला त्या पुरेशा नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो क्वचितच उघडपणे मांडला जातो, कारण तो आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे. वेळ आली की कोण टाळणार? अपघाताच्या घरी समाचाराला गेलेली माणसं हे हमखास बोलतात, आणि दुःखाला आधार म्हणून ते बोलणं योग्यही असेल. पण हा विचार अपघाताच्या आधीच गाडीत बसून आलेला असतो. दसऱ्याला गाडीची पूजा होते. झेंडूची माळ, हळदी-कुंकू, नारळ, आणि नवी गाडी असेल तर चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून पुढे घ्यायची. समोर लिंबू-मिरची लटकते, डॅशबोर्डवर गणपती. या पूजेला माझा विरोध नाही. पण तिच्यात मागितलं काय जातं ते पाहा. गाडीला काही होऊ नये, गाडीतल्यांना काही होऊ नये. चाकाखाली येऊ शकणाऱ्याचं रक्षण कर असं त्या पूजेत कोणीच म्हणत नाही. त्याच्या वाट्याला लिंबूच येतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. रोजची सरासरी ९०. रोज नव्वद जणांची वेळ नेमकी रस्त्यावर यावी आणि वेग कमी केलेल्या शहरांत ती येऊ नये, असं दैव भूगोल पाहून चालतं का? याज्ञवल्क्याने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे, आणि योगायोगाने त्याने दृष्टांतही वाहनाचाच घेतला. एका चाकावर रथ चालत नाही, तसं माणसाच्या प्रयत्नाशिवाय नुसतं दैव फळत नाही. योगवासिष्ठ तर पौरुषाची बाजू याहून कडक शब्दांत घेतं. दैववाद आपल्या परंपरेत आहे, पण दुसऱ्याच्या जिवावर बेतलेल्या आपल्या निष्काळजीपणाचं खापर दैवावर फोडायला तिने तो शिकवलेला नाही.

आणि पायी चालणाऱ्यांचं काय? ते पट्टे सोडून कुठूनही घुसतात, कानाला फोन लावून चालतात, गाड्यांचा सिग्नल हिरवा झाला तरी मध्येच निघतात. खरं आहे, आणि परंपरेने पायी माणसालाही मोकळं सोडलेलं नाही. जैन साधूंना पाच समित्या पाळाव्या लागतात, त्यांतली पहिली ईर्यासमिती. चार हात पुढची जमीन नजरेने पाहून, कोणताही जीव पायाखाली येणार नाही याची खात्री करून मगच पाऊल टाकायचं. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात तोमरांच्या राज्यात कोरलेले प्रचंड तीर्थंकर याच चालीच्या परंपरेतले आहेत, आणि दिगंबर मुनींचा पायी विहार आजही तसाच होतो. मनुस्मृतीतल्या संन्याशालाही पाहून पाऊल ठेवायची आज्ञा आहे. पण या आज्ञांमागचं कारण पाहा. बघण्याचं कर्तव्य चालणाऱ्यावर घातलं, कारण चालणारा मोठा आणि मुंगी लहान. ज्याच्याकडून इजा होऊ शकते त्याने पाहायचं. मुंगीने सावध राहावं असं कुठेही म्हटलेलं नाही. तेच माप माणूस आणि मोटारीला लावा. १,२०० किलोची मोटार ताशी ५० ने जाताना जी ऊर्जा बाळगते ती साठ किलोच्या चालत्या माणसाच्या ऊर्जेच्या अडीच हजार पटींहून जास्त असते. पादचाऱ्याची चूक ही चूकच आहे, पण तिची शिक्षा मृत्यू असू नये. त्याने थांबून बघावं, पट्टे जवळ असतील तर तिथूनच जावं, फोन खिशात ठेवावा. तरीही कर्तव्याची दोन्ही पारडी समान करून, दोघांनीही जपायला हवं असं म्हणून हात झटकणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

पट्टे सोडून लोक का जातात याचंही उत्तर बऱ्याचदा पट्ट्यांच्या जागेत असतं. बाजाराचं तोंड इकडे, पट्टे दीडशे पावलांवर, तर माणूस सरळच जाणार. आणि जिथे लोकांना शिस्त लावायची म्हणून पादचारी पूल बांधले जातात तिथे तर दर्जाचा जुना विचार सिमेंटमध्ये ओतलेला दिसतो. मुंबईत एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने २००८ पासून असे पूल, म्हणजे स्कायवॉक, उभारले. कल्पना ऐकायला छान आहे. पण गुडघे दुखणाऱ्या बाईने पाच-सहा मीटर चढायचं आणि तेवढंच उतरायचं, कशासाठी? तर बसलेल्या माणसाला बसल्या जागी थांबावं लागू नये यासाठी. चार पदरी, १४ मीटरचा रस्ता साधारण चालीने बारा सेकंदांत पार होतो, म्हाताऱ्या चालीने सतरा-अठरा. एवढ्या वेळाची किंमत एकीच्या गुडघ्यांपेक्षा जास्त ठरवणारा माणूस कल्माषपादाच्याच घराण्यातला म्हणायचा. चाबूक तेवढा नाही. महामार्गावर पूल किंवा भुयार लागेल, ते मान्य. बाजारात नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, कोईमतूरचे अस्थिशल्यचिकित्सक एस. राजशेखरन यांनी २०१२ साली केलेल्या याचिकेत, पदपथ वापरण्याचा पायी माणसाचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. ज्या डॉक्टरांच्या टेबलावर मोडलेली हाडं येतात त्यांच्यापैकी एकाने हा प्रश्न न्यायालयात नेला हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

धर्मग्रंथांतला नियम आणि घटनेचं कलम या मुद्द्यावर एकाच बाजूला आहेत, त्यामुळे श्रद्धावानाला आणि अश्रद्धाला वेगळी सबब उरत नाही. महापालिकेने पट्टे लोक जिथून जातात तिथेच रंगवावेत आणि पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवावेत. पोलिसांनी हेल्मेट आणि कागदपत्रांइतकाच पट्ट्यांवर न थांबणाऱ्याचाही दंड घ्यावा. आणि तुम्ही गाडी चालवत असाल तर एवढं करा: माधवगंजात असो की पुण्यात, पट्ट्यांपाशी शेजारची गाडी थांबलेली दिसली तर तिच्यासमोरून कोणीतरी चालत आहे असं धरूनच चाला, आणि तिला मागे टाकू नका.